हळदीच्या खळ्यावरचा एलबी

सेनगाव
२० जानेवारी २०२५

प्रति,
श्री. उकंडराव कऱ्हाळे,
मु. पो. शिरड शहापूर.

विषय : मुलींच्या शालेय क्रिकेट स्पर्धेसाठी आपले खळे मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, जिल्ह्यातील पाच शाळांच्या मुलींची टेनिस चेंडूची क्रिकेट स्पर्धा दि. १ व २ मार्च रोजी घेण्याचे योजिले आहे. वसमत येथील ठरलेले मैदान पाइपलाइनच्या खोदकामामुळे मिळू शकत नाही. आपले गावालगतचे खळे सपाट, टणक व प्रशस्त असल्याचे समजते. तरी सदर खळे दोन दिवसांकरिता उपलब्ध करून द्यावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
सौ. प्रियदर्शनी जगन राठोड
संयोजक

ता. क. — ‘असल्याचे समजते’ असं लिहिलं खरं. समजायचं काय त्यात, आबा? माझे दोन्ही गुडघे त्याच खळ्यावर फुटलेत.

आम्हा पाच शाळांच्या शिक्षकांची बैठक झाली. मैदान गेलं म्हणून सगळे तोंड पाडून बसलेले. तेवढ्यात तुमच्या गावच्या शाळेचे नरसिंग सर म्हणाले, “उकंडराव आबाचं खळं हाय की. पर म्हातारा लई तिरसट. इचारायचं कोनी?” मी म्हणाले, मी विचारते. ते म्हणाले, “तुमी वळखता का त्यायला, राठोड बाई?” मी म्हणाले, ओळखते थोडंफार. खोटं नाही बोलले. हल्ली थोडंफारच ओळखते.

नरसिंग सर गावात नवीन आहेत, त्यांना आपलं काही माहीत नाही. त्यांनाच विचारायला सांगितलं असतं तर सोपं होतं. पण मग तुम्हाला पत्र लिहायला मला दुसरं निमित्त कधी मिळालं असतं? लग्न झाल्यापासून फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही एक शब्द न बोलता फोन मायच्या हातात देता. माझ्या सासूबाई चंदाबाई म्हणाल्या, “बापाला कागुद लिव. फोन दुसऱ्याच्या हातात देता येतो, आपल्या नावाचा कागुद बाप दुसऱ्याच्या हातात देत न्हाई.” म्हणून लिहितेय. वरचं अर्धं पत्र संयोजकांचं आहे, ते नरसिंग सरांना दाखवलंत तरी चालेल. खालचं अर्धं फाडून ठेवा.

सेनगाव
३० जानेवारी २०२५

आबा,

मायचा फोन आला. तुम्ही पत्र वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात म्हणे, “हळदीच्या घरची पोरगी, अन् मार्चात खळं मागून राहिली! मंग हळद काय मी माज्या डोक्यावर वाळू घालू?”

अक्षरशः विसरले हो. आमच्या सेनगावच्या बाजूला सोयाबीन, तूर, कापूस. सोयाबीनची रास दिवाळीलाच घरात येते, मग खळी उन्हाळाभर मोकळी. तारीख मीच सुचवली, मीच फळ्यावर लिहिली, आणि टाळ्याही घेतल्या. वसमतच्या बाजूचे शिक्षकही सगळे बाहेरगावचे, त्यांना काय कळणार! पण मला कळायला हवं होतं. फेब्रुवारी-मार्चात आपल्या खळ्यावर शिजवलेल्या हळदीचा थर असतो, पाय ठेवायला जागा नसते, मांजरसुद्धा पिवळ्या पायांनी घरात येतं. ते खळं एवढं सपाट आहे ते मुळी हळदीसाठीच. जानेवारीभर पाणी मारून, चोपणीनं ठोकून तुम्हीच ते तसं करता. जिल्ह्यातली सगळ्यात छान खेळपट्टी तुम्ही दरवर्षी तयार करता आणि तिच्यावर हळद पसरून ठेवता.

तेव्हा विनंती मागे घेते. आम्ही दुसरीकडे बघू. एक सांगू का, तुमचा टोमणा मायनं तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा मला हसू आलं. टोमणा तर टोमणा, माझ्याबद्दल काहीतरी बोललात. ‘हळदीच्या घरची पोरगी’ असंही म्हणालात. ते मी ठेवून घेतलंय, परत मागू नका.

खळ्याचा विषय निघालाच आहे तर एक जुनं भांडणही काढते. रेडिओवर कॉमेंट्री ऐकून ऐकून तुम्ही अंपायर झालात. टेनिस चेंडूच्या खेळात पंचक्रोशीत कुठे एलबी नसायचा, तुमच्या खळ्यावर मात्र असायचा. पायाला चेंडू लागला की बाद का नाबाद म्हणून पोरं तुमच्याकडे बघायची. आणि तुमचा तो नियम! दुसऱ्या गावचा संघ असला तर शंकेचा फायदा त्याला. “पाव्हणा आपल्या खळ्यावर आला, त्याला कसं बाद द्यावं?” गावच्या पोरांचं बघून ठरवायचं. आणि घरच्याला? घरच्याला मुळीच सूट नाही. तुमच्या दोन्ही लेकरांना, हरीशला आणि मला, किती वेळा बाहेर काढलंत. मी रडत मायकडे जायचे, तर तुम्ही तिथे येऊन वर म्हणायचात, “घरचं लेकरू हाय, त्याला कसली सवलत?” सगळं गाव हसायचं. अजूनही शिरडला कुणी फुकटची सवलत मागितली की ‘हा काय आबाचा पाव्हणा हाय का’ म्हणतात, असं नरसिंग सरांकडूनच कळलं. त्यांना वाटलं, मला हे नवीन आहे.

हळदीला उतारा बरा पडो.

प्रियदर्शनी

सेनगाव
१० फेब्रुवारी २०२५

आबा,

नरसिंग सरांचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात वर्गमूळ शिकवत होते. सर ओरडतच होते. “बाई, जादू केली तुमी! म्हातारा सोताहून शाळेत आला. म्हणला, दोन दिस हळद काठाला ओढून ढीग लावतो, वर ताडपत्री टाकतो, मधलं खळं मोकळं. पर अंपायर मी राहीन. अन् एलबी राहील. पटत आसल तर या.” मी ‘पटतं’ म्हणाले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलींना वाटलं गणित अडलं.

हळद अर्धी वाळलेली असताना ओढायची म्हणजे किती काम, हे मला माहीत आहे. बायका जास्तीच्या लावाव्या लागतील. पुन्हा पसरावी लागेल. तुम्ही हे शाळांसाठी केलंत, गावासाठी केलंत की आणखी कशासाठी, ते मी विचारणार नाही. मागच्या वेळी परत मागू नका म्हणाले होते, आता तर मोठंच काहीतरी घेतलं.

आता संघाचं सांगते. आमच्या शाळेला खेळाचे शिक्षक नाहीत, म्हणून गणिताच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी. मुली तांड्यावरच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या. पुजा नावाची एक आहे, ज्वारीच्या राखणीला बसून गोफण फिरवते. चेंडू असा येतो की यष्टीरक्षक बाजूला होतो. फक्त हात कोपरात वाकवून फेकते. महिनाभर मी तिच्या कोपराला पुठ्ठा बांधून तिला गोलंदाजी करायला लावतेय. आता हात सरळ झालाय, पण चेंडू अजून कधी कधी शेजारच्या तुरीत जातो. बॅटी ठेवायची पिशवी चंदाबाईंनी शिवली. आरसे, कवड्या, गोंडे, सगळं लावून. दुसऱ्या शाळेच्या मुली आधी पिशवी बघायला येतात आणि तेवढ्यात आमच्या मुली जाळीत सराव उरकून घेतात.

मुख्य अडचण मैदानाची. आमचं मैदान उताराचं आहे. उजव्या हाताला मारलं की चेंडू गडगडत नाल्यात, आणि जिनं मारला तिनंच आणायचा असा नियम. त्यामुळे सगळ्या मुली चढाच्या बाजूलाच मारतात. त्यात मीना म्हणून एक आहे, चांगली खेळते, डोळा तेज आहे. पण प्रत्येक चेंडू तिकडेच ओढायचा म्हणून डावा पाय यष्ट्यांसमोर आडवा टाकते. नाल्याच्या भीतीनं लागलेली सवय. इकडे चालून जातं, पण तुमच्या खळ्यावर एलबी आहे. माझाही पाय असाच यायचा ना? तुम्ही तो कसा सरळ केलात ते मला आठवत नाही. विटा ठेवल्या होत्या का? आठवत असेल तर मायपाशी सांगून ठेवा. तिच्या फोनची वाट बघते.

प्रियदर्शनी

सेनगाव
१९ फेब्रुवारी २०२५

आबा,

“वीट न्हाई, टोपलं. हळदीचं टोपलं पालथं ठिवायचं पायापाशी. वीट ठिवली तर लेकराचा पाय मोडंल.” मायनं तुमचा निरोप सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणाली, तुम्ही दारापर्यंत गेलात, मागे वळलात आणि विचारलंत, “डावा पाय का? दर्शनीचाबी डावाच येत व्हता.”

म्हणजे तुम्हाला कळलंय. मी पत्रात ‘मीना म्हणून एक आहे’ असं लिहिलं, जशी काही ती हजेरीतली एक मुलगी. ती माझी मुलगी आहे, आबा. तुमची नात. सातवीत आहे. मायनं तिला वसमतच्या बसस्टँडवर चोरून पाहिलंय, लाडूही दिलेत. तुम्ही पाहिलेलं नाही. ‘चांगली खेळते’ हे मी आई म्हणून लिहिलं नव्हतं, तेवढं मात्र खरं धरा.

टोपलं ठेवलंय. पहिल्या दिवशी चार वेळा अडखळून पडली आणि टोपल्याला लाथ मारली. आता जरा जमतंय. घाईत आली की पाय पुन्हा तिकडेच जातो.

आता मनातलं लिहिते, कारण समोर आल्यावर माझ्या तोंडून निघायचं नाही. मी तांड्यावरच्या जगनशी लग्न केलं तेव्हा तुम्ही शिव्या दिल्या नाहीत. गावात एक शब्द वावगा बोलला नाहीत. सगळे म्हणाले, आबा मोठ्या मनाचे. पण लग्नानंतर आम्ही दोघं पाया पडायला आलो, तेव्हा तुम्ही जगनला खुर्ची दिलीत. बशीसकट चहा दिलात. “बसा पाव्हणे, पाणी घ्या पाव्हणे.” मलाही वेगळी खुर्ची होती. ज्या घरात मी ओट्यावर पाय सोडून बसायचे, तिथे मला खुर्ची! निघताना तुम्ही कोपऱ्यापर्यंत सोडायला आलात, जसं परक्यांना सोडायला येतात. जगन रस्त्यात म्हणाला, “किती मान दिला.” तो भाबडा आहे. मला सगळं कळलं होतं, मी बसमध्ये सेनगावऐवजी परभणीकडचं तिकीट काढून बसले, इतकी गोंधळले होते. तुम्ही हाकलून दिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी भांडायला परत आले असते. पाहुण्याला भांडता येत नाही.

म्हणून एकच मागते. स्पर्धेच्या दिवशी खळ्यावर मीना येईल. तिच्यासाठी खुर्ची मांडू नका. रागवा हवं तर. पण तिला पाहुणी करू नका.

तिला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, “मग मी त्यांना काय म्हणू?” मी म्हणाले, अंपायर म्हण. ते अंपायरच आहेत ना.

दर्शनी

सेनगाव
२६ फेब्रुवारी २०२५

आबा,

ही चिठ्ठी घाईतली. आज महाशिवरात्र, औंढ्याच्या यात्रेमुळे सगळ्या गाड्या भरून चालल्यात. जगनचा मित्र प्रेमदास जीप घेऊन तिकडे येतोय, त्याच्याकडे स्टंपांचे दोन जोड, चुन्याच्या दोन गोण्या आणि ही चिठ्ठी दिली आहे. चुना ओल्या हळदीजवळ ठेवू देऊ नका, हळद लाल होईल. बघा, एवढं तरी लक्षात आहे माझ्या.

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोहोचू. मुलींसोबत शाळेच्या वर्गातच मुक्काम करणार आहोत.

मीनानं आज टोपलं न ठेवता वीस चेंडू खेळले आणि पाय एकदाही आडवा आला नाही. मला भीती वाटतेय. कशाची ते तुम्हाला माहीत आहे.

दर्शनी

सेनगाव
४ मार्च २०२५

आबा,

परवाच भेटलो, तरी लिहितेय. खळ्यावर माझ्या तोंडून काही धड निघालं नाही, आणि तुमच्याही. म्हणून जे झालं ते सगळं एकदा कागदावर मांडते. तुम्ही मधे होतात, मी काठाला होते. काठावरून कसं दिसलं ते तुम्हाला कळू दे.

शनिवारी सकाळी खळ्यावर पाय ठेवला आणि वास आला. तो वास मी विसरले होते. चारी बाजूंनी हळदीचे ढीग, वर ताडपत्र्या, मधे तुळतुळीत जमीन. तुमचा नियमही तयार होता, चेंडू हळदीला लागला की चौकार. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खिशात मोजायचे सहा खडे. मी पुढे आले. वाकले. तुम्ही म्हणालात, “या बाई. बसा.” आणि खुर्ची होती. मीनालाही होती. जगनला “रामराम पाव्हणे” झालं. माय ढिगाआडून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी बसले त्या खुर्चीवर. संयोजक ना मी!

त्या दिवशी आम्ही दोन्ही सामने जिंकलो. पुजानं हात सरळ ठेवला, दोन मुली त्रिफळाचीत केल्या आणि प्रत्येक वेळी चंदाबाईंच्या पिशवीला हात लावून आली. दुसऱ्या सामन्यात मीनाचा पाय आडवा आला. काठावरूनही स्पष्ट दिसलं. गोलंदाज ओरडली, सगळ्या ओरडल्या. तुम्ही मान हलवलीत. नाबाद. शेजारी बसलेले तुमचे मित्र जळबा काका म्हणाले, “पाव्हणी हाय, न्हाई द्यायचा आबा.” लोक हसले. माझ्या मुली नाचल्या. टाळ्या वाजवल्या मी, आबा, पण मनात म्हणाले, संपलं. ज्याच्यासाठी आले ते झालं नाही. तुम्ही आम्हाला आयुष्यभर नाबादच देत राहणार.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही खेळपट्टीवर पाणी शिंपडत होतात. मीना तुमच्याकडे आली ते मला माहीत नव्हतं, तिनं नंतर सांगितलं. तिनं विचारलं, “अंपायर, माझा पाय आडवा आला होता ना?” तुम्ही म्हणालात, “आला व्हता.” “मग आउट का नाही दिलं?” तुम्ही म्हणालात, “पाव्हणी हायस तू. आमच्याकडं पाव्हण्याला देत न्हाईत.” तेव्हा ती म्हणाली, “मग उद्या मला पाहुणी समजू नका. असलं नॉटआउट मला नको.” तुम्ही बादली उचलून निघून गेलात. मी तिला खूप रागावले. मोठ्या माणसाशी असं बोलतात का, म्हणाले. ती म्हणाली, “तूच म्हणालीस अंपायर म्हण. अंपायरला विचारता येतं.” तिच्याशी वाद घालणं म्हणजे तुमच्याशी घालण्यासारखं आहे.

आणि मग रविवारचा अंतिम सामना. आम्ही आणि शिरडची शाळा, सगळं गाव काठाला. शेवटचं षटक, आमची शेवटची जोडी, मीना आणि पुजा. पाच धावा हव्या होत्या. शिरडची ती डावखुरी मुलगी धावत आली, चेंडू आत वळला, मीनाला डाव्या हाताचा हळदीचा ढीग दिसला आणि तिनं चेंडू तिकडे ओढला. पाय गेला. टोपलं, वीस चेंडू, सगळं नाल्यात गेलं. चेंडू पायावर आदळला.

शिरडच्या मुलींनी अपीलसुद्धा अर्धवट केलं. त्यांना माहीत होतं ना, पाहुण्या संघाला आबा देत नाहीत. एकदोघी तर चेंडू घेऊन परत फिरल्या. तुम्ही उभे राहिलात. एवढा वेळ तुम्ही कधीच घेतला नाही. मी हळदीच्या ढिगाला टेकून उभी होते, तुमचा हात खाली लोंबत होता, तोच बघत होते.

बोट वर गेलं.

कुणाला कळेचना. नरसिंग सर, जिंकलेल्या संघाचे सर, तेच ओरडले, “आबा! पाव्हण्याइची टीम हाय ती!” तुम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाही. म्हणालात, “टीम आसंल पाव्हण्याची. ही पोरगी न्हाई.”

जळबा काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. गावातल्या जुन्या माणसांना कळलं. कळलं नाही ते एकटीलाच. आदल्या दिवशी ‘मला आउट द्या’ म्हणणारी माझी लेक बॅट आपटून, लालबुंद होऊन, सगळ्या गावासमोर ओरडली, “आजा! बॅटला लागला होता!”

अंपायर म्हणायचं तिला आठवलंच नाही.

तुमची मान फिरली. चष्मा काढलात, धोतराच्या सोग्यानं पुसलात, परत लावलात. तो पुसायची काही गरज नव्हती. आणि म्हणालात, “ते घरी चल, मंग भांड. हितं बोट वर गेलं की गेलं. आन् पाय काहून आडवा टाकती गं? तुज्या मायलाबी हीच खोड व्हती.”

मी रडले, आबा. मोठ्यानं रडले. माझ्या मुलींना वाटलं बाई हरल्या म्हणून रडताहेत, पुजा माझी समजूत घालायला लागली, पुढच्या वर्षी जिंकू म्हणाली. तिला काय सांगू, की इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा जिंकले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना परत एकदा होतं. सगळे संघ जेवायला बसले, मी मुलींच्या पंगतीत बसायला निघाले तर तुम्ही म्हणालात, “दर्शने, आधी पाव्हण्याइला वाढ. तू मागून जेव.” मी वाढलं. शेवटी माय आणि मी चुलीपाशी खरवडलेलं पिठलं खाल्लं. जगनला खुर्ची नव्हती. “जगन, ए जगन, त्या ताडपत्रीचं टोक धर. हळद पसरायची हाय आंधाराच्या आधी.” त्यानं माझ्याकडे बघितलं, मी म्हणाले, धर की. संध्याकाळपर्यंत तो हळद ओढत होता. हात कोपरापर्यंत पिवळे झालेत. काल तांड्यावर सगळ्यांनी विचारलं, पुन्हा लग्न लागलं का काय? चंदाबाई म्हणाल्या, “आज लागलं, बराबर.”

आता अंपायरशी थोडं काम आहे. निर्णयाबद्दल मी कृतज्ञ आहे, पण प्रशिक्षक म्हणून एक नोंदवते. मी काठावरून समोरच उभी होते. चेंडू आधी बॅटच्या कडेला लागला आणि मग पायाला. आवाजही आला. तुमचा उजवा कान कमी ऐकतो हे मायनं मला सांगितलंय. तेव्हा हे प्रकरण मिटलेलं नाही. परीक्षा संपल्या की मीना मुक्कामाला येतेय, बॅट घेऊन. तिची खुर्ची तयार ठेवू नका. टोपलं ठेवा.

तुमची,
दर्शनी

खाली मीनाला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणे.

आजा, लागला होता. मी येते मग सांगते.
मीना